निर्गमाची कथा : मलिहाबाद ते नवगाव

लखनौपासून सुमारे २५ किलोमीटरवर मलिहाबाद नावाचा कसबा आहे. दशेरी आंब्याच्या बागांसाठी तो प्रसिद्ध आहे. उर्दू कवी जोश मलिहाबादी यांचे जन्मग्राम म्हणूनही साहित्यप्रेमी मंडळींना त्याचे नाव ठाऊक असते. या कसब्यात आफ्रिदी पठाणांची जुनी घराणी आहेत. आपले मूळ पुरुष 'बनी इस्राईल', म्हणजे इस्राएलच्या वंशातले होते, अशी परंपरा या पठाणांत चालत आलेली आहे. 'आफ्रिदी' हे नाव इस्राएलच्या बारा कुळांपैकी एफ्राइम या कुळाच्या नावाशी जुळते, असेही सांगण्यात येते. जहांगीर बादशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास, निमतुल्ला नावाच्या लेखकाने पठाणांचा इतिहास फारसीत लिहिला. त्यातही त्यांची वंशावळ इस्राएलचा पहिला राजा तालूत, म्हणजेच शौल, याच्यापर्यंत नेऊन भिडविली आहे. भाषाशास्त्राने किंवा अन्य कोणत्याही निर्णायक पुराव्याने ही वंशावळ आजवर सिद्ध झालेली नाही.

पण येथे अधिक मोलाचा प्रश्न निराळाच आहे. इस्राएलचा वंशज असणे म्हणजे नेमके काय? रक्ताचे नाते, की एखाद्या घटनेची आठवण? मलिहाबादच्या पठाणांकडे वंशाची परंपरा आहे. हजरत मूसा आणि फिरऔन यांची कथा त्यांना ठाऊक आहे ती कुराणातून, आणि ती सर्वच मुसलमानांना सारखी ठाऊक असते. त्या घटनेचे घरोघर चालणारे यहुदी व्रत त्यांच्याकडे नाही. याउलट कोकणच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षे मराठी बोलत राहिलेला एक समाज आहे. त्याच्याजवळ ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषाही बव्हंशी लोपली होती, पण व्रत मात्र टिकून राहिले होते. तो समाज म्हणजे बेने इस्राएल. एका कथेचे अर्थ कसे लागतात, कसे हरवतात आणि पुन्हा कसे सापडतात, हे त्याच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

मूळ कथा थोडक्यात अशी : इस्राएली लोक मिसर देशात फारो राजाचे गुलाम होते. विटा पाडणे आणि कोठारांची नगरे बांधणे हे कष्ट त्यांच्या माथी आले. मोशे हा त्यांचा नेता झाला. देवाने मिसरावर दहा संकटे पाठविली. अखेरच्या रात्री मृत्यू मिसऱ्यांच्या घरांत शिरला, पण ज्या दारांना कोकराचे रक्त लावले होते ती घरे त्याने ओलांडली. कणीक आंबण्याइतकाही अवधी नव्हता, म्हणून लोक बेखमीर भाकर घेऊन निघाले. समुद्र दुभंगला, ते पार झाले आणि फारोचे सैन्य बुडाले. मराठी बायबलात या ग्रंथाला 'निर्गम' हे नाव आहे. ही घटना इतिहासात नेमकी कधी व कशी घडली, याविषयी संशोधकांत एकवाक्यता नाही. मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, इसवी सनापूर्वी १२०८ च्या सुमारास, 'इस्राएल' हे नाव आढळते. पण तेथे ते कनान प्रदेशातील लोकांचे नाव म्हणून येते. मिसरमधील दास्याचा त्यात उल्लेख नाही.

यहुदी परंपरेने या कथेचा अर्थ लावला तो मुख्यतः दोन सूत्रांनी. पहिले सूत्र स्मरणाचे. पेसाह सणाच्या रात्री कुटुंब एकत्र बसते, धाकटे मूल प्रश्न विचारते आणि वडीलधारी माणसे त्याला उत्तर देतात. त्यासाठी 'हग्गादा' नावाची पोथी आहे. प्रत्येक पिढीतील माणसाने आपण स्वतःच मिसरमधून बाहेर पडलो असे मानावे, हा तिचा दंडक आहे. पूर्वजांची सुटका म्हणून ती कथा ऐकायची नाही, आपली सुटका म्हणून सांगायची. निर्गम ग्रंथातच असेही नमूद आहे की, इस्राएलींबरोबर इतर लोकांचाही एक मिश्र समुदाय बाहेर पडला. म्हणजे सुटका झाली त्या रात्रीही केवळ वंशाचा हिशेब चालला नव्हता.

दुसरे सूत्र सेवेचे. हिब्रूत 'अवोदा' असा एक शब्द आहे. गुलामाचे राबणे आणि देवाची उपासना या दोहोंसाठी तो वापरला जातो. मराठी श्रोत्याला हे चटकन समजेल, कारण आपल्या 'सेवा' शब्दातही धन्याची चाकरी आणि देवाची भक्ती ही दोन्ही सामावली आहेत. संतांनी स्वतःला 'दास' म्हणवून घेतले ते लाचारीने नव्हे. एकाचे दास झाल्यावर दुसऱ्या कोणाचेही दास्य उरत नाही, ही त्यामागची भावना होती. यहुदी विचारही असाच आहे. फारोची सेवा सुटली ती देवाची सेवा करण्यासाठी. म्हणूनच पेसाहनंतर ५० व्या दिवशी सीनाय पर्वतावर धर्मनियम मिळाल्याचा सण येतो. नियमाविना सुटका अपुरी मानली गेली. आणि त्या नियमांतला एक पुनःपुन्हा सांगितलेला नियम असा की, परक्याला छळू नये, कारण मिसरात तुम्हीही परकेच होता. याच ग्रंथात गुलाम बाळगण्याविषयीचे नियमही आहेत, हेही नजरेआड करता येत नाही. दास्यातून सुटलेल्यांनी दास्याची प्रथा एका दिवसात टाकली नाही.

ख्रिस्ती विचाराने ही कथा घेतली आणि तिच्याकडे भविष्याची खूण म्हणून पाहिले. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे येशूचे अखेरचे भोजन हे याच सणाचे भोजन होते. संत पौलाने समुद्र पार होण्यात बाप्तिस्म्याची छाया पाहिली आणि सणाच्या कोकराच्या ठायी ख्रिस्त पाहिला. चौथ्या शतकातील निस्सा येथील ग्रेगरी या धर्माचार्याने मोशेच्या चरित्रात आत्म्याचा परमेश्वराकडे होणारा प्रवास वाचला. फारो म्हणजे पाप, मिसर म्हणजे देहाची आसक्ती, असा अर्थ रूढ झाला. या अर्थाने एक मोठे काम केले : ती कथा एका जनसमूहापुरती न राहता साऱ्या जगाची झाली. अमेरिकेतील काळ्या गुलामांनी तिच्यात आपला फारो ओळखला. १९६८ साली मृत्यूच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी मोशेसारखे वचनदत्त भूमीचे दर्शन घडल्याचा उल्लेख केला. पेरूचे धर्मोपदेशक गुस्ताव्हो गुत्येरेझ यांनी १९७१ साली मुक्तीच्या ईश्वरशास्त्रावरील आपल्या ग्रंथात गरिबांच्या सुटकेचा आधार याच कथेत शोधला.

परंतु या अर्थाची दुसरी बाजूही आहे. मूळ घटना केवळ छाया आणि पुढची घटना तेवढी सत्य, असे ठरले की मूळ कथा जपणारे लोक निरुपयोगी ठरू लागतात. युरोपात शतकानुशतके यहुद्यांच्या वाट्याला जो तिरस्कार आला, त्याला या समजुतीनेही खतपाणी घातले. अनेकदा तर पेसाहच्या दिवसांतच त्यांच्यावर खोटे आळ घेऊन हल्ले होत. आधुनिक काळात जॉन लेव्हन्सन या अमेरिकन यहुदी अभ्यासकाने आणखी एक आक्षेप घेतला. निर्गमाला केवळ राजकीय स्वातंत्र्याचा नमुना मानले, तर त्यातील करार आणि सेवा हा गाभाच निसटतो, असे त्याचे म्हणणे आहे.

हे दोन्ही अर्थ कोकणात एकमेकांसमोर आले, ते मराठी भाषेत. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की, त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले, आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. मिसरच्या कथेत समुद्र वाट देतो. नवगावच्या कथेत तो सारे काही गिळतो आणि चौदा माणसे किनाऱ्यावर ठेवून जातो. त्या माणसांचे वंशज कुलाबा जिल्ह्यातील गावोगाव तेल गाळण्याचा धंदा करू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेसाहच्या दिवसांत ते एक सण पाळीत. त्याचे नाव होते 'अनाशी ढाकाचा सण'. आंबट कालवण ठेवण्याचे भांडे झाकून ठेवण्याचा हा सण. आंबलेल्या वस्तूला स्पर्श करायचा नाही, एवढे घराघराला ठाऊक होते. कशासाठी, ते मात्र बहुतेक विसरले गेले होते. मिसर गेले, फारो गेला, उरले ते झाकलेले भांडे. धर्माच्या इतिहासात आचार अर्थापेक्षा चिवट असतो, याचे याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

अर्थ परत आला तो दोन वाटांनी. सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले, आणि पुढे कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी धर्मविधी शिकविले. दुसरी वाट मिशनऱ्यांची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत आले. त्यांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रूचे व्याकरण तयार केले आणि ते १८३२ साली प्रसिद्ध झाले. जुना करार वाचणारा यहुदी हळूहळू नव्या करारापर्यंत येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले ते उलटेच. बेने इस्राएलांनी मिशनऱ्यांच्या शाळांत विद्या घेतली, मराठी बायबल वाचले आणि ते अधिक निष्ठावंत यहुदी झाले. धर्मांतर फारच थोड्यांनी केले. मिशनऱ्यांनी छाया म्हणून दाखविलेली कथा त्यांनी आपले घर म्हणून ओळखली.

१८४६ साली मुंबईत हग्गादेची हिब्रू-मराठी पोथी छापली गेली. १८७४ साली पुण्यात तिची सचित्र आवृत्ती निघाली. तिच्या चित्रांत साड्या नेसलेल्या स्त्रिया बैठक मारून बेखमीर भाकरी करताना दिसतात. वडिलांना प्रश्न विचारणारे मूल आता मराठीत विचारू लागले, आणि फारोच्या दास्याचे उत्तरही त्याला मराठीतच मिळू लागले. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्राएलांनी कीर्तनाची प्रथा उचलली, आणि शास्त्रातली आख्याने साकी-दिंडीच्या चालीवर मंदिरांच्या आवारात ऐकू येऊ लागली. मराठी ख्रिस्ती समाजानेही या सणाला शब्द दिला तो अस्सल देशी : 'वल्हांडण'. ओलांडून जाणे हा अर्थ त्या शब्दात आपोआपच आला. पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम अंगावर घेतले. १९२२ साली त्यांचे निधन झाले, तोवर ते पुरे होत आले होते. केडगावला दुष्काळातून आणि छळातून वाचविलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी उभारलेल्या आश्रमाचे नाव 'मुक्ती' होते, हे येथे आठवते. आपल्या दर्शनांत मुक्ती म्हणजे एकेकट्या जीवाची जन्ममरणातून सुटका. निर्गमातली सुटका साऱ्या समुदायाची, याच जगातली. रमाबाईंच्या आश्रमात हा एक शब्द दोन्ही अर्थांनी जगला.

या कथेचा आधार महाराष्ट्रात आणखी एका थोर पुरुषाने घेतला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४१ साली मोझेसच्या महत्त्वावर इंग्रजीत लेख लिहिला. ते यहुदी नव्हते, ख्रिस्तीही नव्हते. पण आपल्या लोकांना दास्यातून बाहेर काढणाऱ्याला त्याच लोकांकडून काय सोसावे लागते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. वंशाने ज्याचा या कथेशी काडीचा संबंध नाही, त्यालाही ती आपली वाटू शकते, याची ही साक्ष होय.

अखेरीस एक कटू प्रसंग सांगितला पाहिजे. १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाले तेव्हा भारतात सुमारे २०,००० बेने इस्राएल होते. पुढे त्यांपैकी बहुतेक तेथे गेले. भारतात त्यांच्यावर कोणी फारो नव्हता. ते गेले ते मुख्यतः वचनदत्त भूमीच्या ओढीने आणि नव्या संधीच्या आशेने. पण १९६० च्या सुमारास तेथील धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांविषयी शंका उपस्थित केली. १९६२ साली त्यांच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे निर्देश निघाले. शेकडो वर्षे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांना आता रक्ताचा दाखला मागण्यात आला. बेने इस्राएलांनी सत्याग्रहाच्या वळणाचा निषेध केला, आणि १९६४ साली ते निर्देश मागे घेतले गेले. परक्याला छळू नये, हा नियम ज्या कथेतून जन्मला, तीच कथा सांगणाऱ्यांनी तो विसरावा, हे दुःखद होते. आणि त्या नियमाची आठवण कोकणच्या लोकांनी करून द्यावी, हे त्या कथेला साजेसेच होते.

मलिहाबादची वंशावळ खरी की खोटी, याचा निकाल कधी लागेल की नाही, कोणास ठाऊक. पण नवगावपासून मुंबईपर्यंतचा इतिहास एक गोष्ट निश्चित सांगतो. ही कथा रक्तातून वारशाने येत नाही. ती दरवर्षी मुलाच्या प्रश्नाला उत्तर देताना पुन्हा मिळवावी लागते. आणि ती ज्याला मिळाली, त्याने दाराबाहेर उभ्या असलेल्या परक्याला ओळखले, तरच ती त्याची झाली असे म्हणता येईल.