कॉन्व्हेंट आणि संगम

‘मुलगी कॉन्व्हेंटला जाते’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गणवेश, टाय आणि इंग्रजीतले पाढे येतात. 19व्या शतकात सिस्टरांनी मुंबई-पुण्याकडे मुलींच्या शाळा काढल्या आणि त्यांच्या मठाचं नाव शाळेला लागलं. पुढे, जिथे एकही सिस्टर नाही अशा शाळांच्या पाट्यांवरही ते चढलं.

मूळ लॅटिन शब्द ‘कॉन्व्हेंतुस’. ‘कॉन’ म्हणजे एकत्र, ‘वेनिरे’ म्हणजे येणं. हा ‘वेनिरे’ आणि संस्कृत ‘गम्’ एकाच मूळ धातूचे. म्हणजे कॉन्व्हेंटची घडण थेट आपल्या ‘संगम’सारखी! हे कळल्यापासून तो शब्द मला परका वाटेनासा झाला. त्यात बाईपुरतं असंही काही नव्हतं. लंडनचं कॉव्हेंट गार्डन ही वेस्टमिन्स्टरच्या मठातल्या पुरुष साधूंची बाग होती. ‘कॉव्हेंट’ हे याच शब्दाचं जुनं रूप.

हा शब्द खऱ्या अर्थाने पाहायचा तर जुन्या गोव्यातल्या सांता मोनिका कॉन्व्हेंटला जावं. होली हिलच्या चढणीवर, संत ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्यासमोर ही तीन मजली वास्तू उभी आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांच्या पुढाकाराने 1606 मध्ये काम सुरू झालं, 1627 मध्ये संपलं. 1636 च्या आगीनंतर ती पुन्हा उभारली. बाहेरून भिंतीला टेकलेले जांभ्याचे अवजड धिरे बघावेत. एकेक धिरा म्हणजे खांदा लावून उभा असलेला माणूसच.

पोर्तुगीज तिला ‘मोस्तेइरो’ही म्हणत. त्याच्या मुळाशी ग्रीक ‘मोनोस’, म्हणजे एकटा. एकाच वास्तूला एक नाव एकटेपणाचं, दुसरं एकत्र येण्याचं. मला दोन्ही खरी वाटतात: बायका घरदार सोडून एकेकट्या आल्या आणि इथे एकत्र राहिल्या.

कोकणीत सिस्टरांना ‘माद्र’ म्हणतात. पोर्तुगीज ‘माद्रे’, म्हणजे आई. आपल्या ‘मातृ’चीच सख्खी बहीण. संत मोनिका तर ऑगस्टीनची आईच.

1830 च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ मोडीत काढले. इथल्या सिस्टरांना राहू दिलं, पण नव्या मुली घ्यायला बंदी घातली. आहेत त्या म्हाताऱ्या होत गेल्या. 1885 मध्ये शेवटची सिस्टर वारली. पन्नास वर्षं एकत्र येणं थांबलेल्या त्या घराला तोवर ‘कॉन्व्हेंट’ म्हणत राहिले, हे मनाला फार लागतं.

1964 मध्ये इथे मातेर देई ही संस्था सुरू झाली. ‘मातेर देई’ म्हणजे देवाची आई. वेगवेगळ्या संघांच्या सिस्टर इथे धर्मशिक्षणासाठी येऊन राहू लागल्या. आवारातल्या चर्चमध्ये 2002 पासून ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. जवळच्या बॉम जेझू चर्चपर्यंत गेलात, तर ही चढणही जरूर चढा.