भूमिपूजनाची निमंत्रणपत्रिका : सभाष्य

पनवेलमध्ये गटाराचं काम निघो वा जलकुंभाचं, सरकारी पत्रिकेचा साचा बहुधा ठरलेला. त्याच ओळींवर हे भाष्य.

॥ श्री गणेशाय नमः ॥
लग्नपत्रिकेवर हे शोभतं. इथे निमंत्रक आहे १ ऑक्टोबर २०१६ ला स्थापन झालेली महापालिका. उद्देशिकेचा आरंभ देवाच्या नावाने व्हावा, ही ह. वि. कामत यांची दुरुस्ती संविधान सभेत १७ ऑक्टोबर १९४९ ला ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली. ती श्रद्धेची सक्ती ठरेल, हा विरोधकांचा एक मुद्दा होता.

‘...यांच्या शुभहस्ते भूमिपूजन’
खरी गोम इथे आहे. पूजेला यजमान लागतो. गुरुजी संकल्पाआधी गोत्र विचारतात आणि महापालिकेला गोत्र नाही. मग पाटावर बसलेले साहेब स्वतःचं सांगतात. संकल्प त्यांचा, खर्च करदात्यांचा. त्या करदात्यांत कोकणी मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. बेने इस्रायलींचं इथलं बेथ एल सिनेगॉग तर १८४९ चं, म्हणजे १८५२ च्या नगरपालिकेहून जुनं. कलम २७ खास धर्मसंवर्धनासाठी राखलेल्या कराची सक्ती रोखतं. मंडपातला नारळ त्यातून सहज निसटतो. गुजरात उच्च न्यायालयाने २०११ मध्ये आपल्याच इमारतीच्या भूमिपूजनाविरुद्धची याचिका फेटाळली, वर याचिकाकर्त्याला दंड केला. भूमीला इजा होते म्हणून तिची क्षमा मागायची, हा विधी सर्वांच्या भल्याचा, असा तिथला युक्तिवाद. क्षमाच मागायची तर सिडकोच्या संपादनात जमिनी गेलेल्या आगरी-कराडी शेतकऱ्यांपासून सुरुवात करावी. ठेकेदाराने मात्र आदल्या सकाळी पदरच्या पैशाने खुशाल नारळ वाढवावा.

‘दीपप्रज्वलन’
मार्च २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या न्यायालय इमारतीच्या समारंभात न्या. अभय ओक यांनी पूजाअर्चा, दीपप्रज्वलन सोडून उद्देशिकेपुढे नमावं असं सुचवलं. दिशा बरोबर आहे. पण नमण्यापेक्षा ती मोठ्याने वाचावी. एरवी मूर्ती तेवढी बदलते.

‘सर्वांनी अगत्य येणेचे करावे’
नागरिकाला हे निमंत्रण, कर्मचाऱ्याला हुकूम. शाळेतल्या प्रार्थनेला हात न जोडणाऱ्या नाशिकच्या शिक्षकाची बाजू मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये उचलून धरली, ती कलम २८ च्या आधारे. ते कलम शिक्षणसंस्थांपुरतं आहे. मंडपात आरतीचं ताट फिरताना कनिष्ठ अभियंत्याला नको म्हणायचं झालं, तर त्याला कलम २५ चा आधार घ्यावा लागेल. आणि ताट पुढे करणारा बहुतेक वेळा त्याचाच वरिष्ठ असतो.