मामांचा कॉम्प्युटर

आमच्या घरात "मामांचा कॉम्प्युटर" हा एक वाक्प्रचार आहे. दिसायला एक आणि निघाली भलतीच, अशी कुठलीही वस्तू घरात आली की कुणीतरी हे म्हणतंच. नातेवाईक मंडळींना त्यामागची गोष्ट पाठ आहे, त्यांनी पुढचा परिच्छेद सोडला तरी चालेल :-)

साल २००१. सांगलीचे आमचे मामा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी. तेव्हा खरा कॉम्प्युटर म्हणजे तीस-चाळीस हजारांची बात. मामांनी दिवाळीच्या बोनसमधून मामेभावासाठी एक "कॉम्प्युटर" आणला. पांढरट कीबोर्ड, टीव्हीला जोडायची वायर, दोन रिमोट, एक पिस्तूल आणि दोन-तीन कॅसेटी. जोडल्यावर टीव्हीवर मारिओ उड्या मारू लागला. म्हणजे हा तर टीव्ही गेम! एका कॅसेटीत टायपिंग आणि बेसिक होतं म्हणे, पण त्याकडे कोण बघतो? साताऱ्याहून आम्ही सुट्टीला गेलो की दिवसभर त्यावर गेमच खेळायचो. "मामा फसले" असा निकाल लागला तो कायमचा.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या मामांच्या घरात पाणी शिरलं आणि माळ्यावर जे नेता आलं नाही ते सगळं चिखलात गेलं. नंतर साफसफाई करताना तो कीबोर्ड सापडला. आतला बोर्ड हिरवट-काळा पडून गेलेला, डबा मात्र धुतल्यावर जवळजवळ होता तसा. मामेभाऊ म्हणाला, "टाकू नकोस, यात रास्पबेरी पाय बसेल." तो कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम बघतो, त्याला असले उद्योग आवडतात. मी त्याला वायरी पकडायला. तीनेक रविवार गेले आणि त्या निमित्ताने मी या डब्याचा इतिहास वाचत बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की आमचा निकाल चुकीचा होता.

हा डबा म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या 'फॅमिकॉम'ची नक्कल. फॅमिकॉम बाजारात आला १५ जुलै १९८३ ला. आपल्याकडे बहुतेकांनी तो अस्सल स्वरूपात पाहिलाच नाही. आपण पाहिल्या त्या त्याच्या नकला. मीडिया, सामुराई, टर्मिनेटर ही नावं आठवतात ना? पुढे तर अख्खं यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागलं आणि बिननावाच्या डब्यांचा पूर आला. "९९९९ गेम्स" लिहिलेल्या कॅसेटीत गेम असायचे मूठभर, तेच वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू व्हायचे.

पण फॅमिकॉमच्या आत काय होतं? ६५०२ नावाच्या प्रोसेसरचा भाऊबंद. मूळ ६५०२ हा १९७५ चा. मोटोरोला सोडून आलेल्या इंजिनिअरांनी एमओएस टेक्नॉलॉजी या कंपनीत तो बनवला आणि किंमत ठेवली फक्त २५ डॉलर. जपानच्या रिको कंपनीने त्यातली दशमान बेरजेची सोय बंद केली, आवाजाची सर्किटं जोडली आणि तो निन्टेन्डोला दिला. हाच ६५०२ ॲपल-२ मध्ये होता आणि इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीच्या बीबीसी मायक्रोमध्येही होता.

आणि इथे मी थांबलो. कारण १९८४ मध्ये भारत सरकारने शाळांमध्ये संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना सुरू केली, तेव्हा निवडलेलं यंत्र होतं हेच, बीबीसी मायक्रो! त्याचा वेग २ मेगाहर्ट्झ, मामांच्या डब्याचा पावणेदोनच्या आसपास. म्हणजे सरकारने ज्या जातीचा मेंदू "कॉम्प्युटर" म्हणून शाळांना दिला, त्याच जातीचा मेंदू मामांनी घरी आणला होता. टीव्हीला जोडायचा कीबोर्ड हे रूपही खोटं नव्हतं. पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्याने आणलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' असाच दिसायचा आणि त्याला कुणी खेळणं म्हटलं नसतं.

फरक होता, नाही असं नाही. बीबीसी मायक्रोत ३२ किलोबाइट मेमरी, फॅमिकॉमच्या मूळ रचनेत २. बीबीसी मायक्रोवर लिहिलेला प्रोग्रॅम साठवता यायचा. आमच्या डब्यात ती सोय नव्हती, वीज गेली की सगळं पुसलं. आणि २००१ नंतरच्या सांगलीत वीज किती वेळा जायची हे सांगायला नको! पण मला वाटतं मोठा फरक चिपच्या बाहेरचा होता. इंग्लंडमध्ये बीबीसी मायक्रोबरोबर टीव्हीवर मालिका होती, पुस्तकं होती, शिक्षक होते. मामांच्या डब्याबरोबर आला एक ॲडाप्टर आणि न कळणाऱ्या इंग्रजीतला एक कागद. तो कॉम्प्युटर होता, पण तो कॉम्प्युटर आहे हे आम्हाला सांगणारं कुणी नव्हतं.

नक्कल म्हणून नाकं मुरडण्यातही अर्थ नाही. आमच्याच मुलखाचं उदाहरण घ्या. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर केला तो विलायती नांगराच्या धर्तीवरच. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली (औंध आता साताऱ्यात, वाडी सांगलीत, म्हणजे श्रेय अर्धं अर्धं!). पण त्या नांगरावर करणाऱ्याचं नाव होतं. बिघडला तर कुणाकडे जायचं हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. मामांच्या डब्यावर तसं नाव नव्हतं, आणि गेम लिहिणाऱ्यांची नावंही कॅसेटीतून पुष्कळदा पुसलेली असायची. सुपर मारिओ (१९८५) हा पूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो. एवढं काम करणाऱ्यांची नावं पुसणं हे मला नकलेपेक्षा वाईट वाटतं.

आता डब्याच्या आतलं. रिमोटमध्ये आठ बटणं, पण माहिती येते एकाच तारेवरून. यंत्र आधी "आता बघ" असा इशारा देतं, मग एकेका ठोक्याला एकेका बटणाची हकीकत बाहेर येते. हे रास्पबेरी पायच्या पिनांना सरळ जोडता आलं, फक्त पाच व्होल्टऐवजी सव्वातीन-साडेतीनच्या मधला दाब द्यावा लागला. कीबोर्डच्या आडव्या-उभ्या रेघा मल्टीमीटरने शोधून एका छोट्या बोर्डातून यूएसबीवर आणल्या. पिस्तूल मात्र गेलं ते गेलंच. ते जुन्या डबा टीव्हीच्या पडद्यावर क्षणभर उजळणारा चौकोन ओळखायचं, नव्या टीव्हीवर चित्र जरा उशिरा येतं, मग नेम चुकणारच.

रास्पबेरी पाय २०१२ मध्ये आला तो मुलांनी पुन्हा प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून. त्याची 'मॉडेल ए' आणि 'बी' ही नावं बीबीसी मायक्रोवरून घेतलेली. त्यातला आर्म प्रोसेसर मुळात एकॉर्नमध्येच, १९८५ साली जन्मला. म्हणजे ६५०२ च्या रिकाम्या घरात त्याचा दूरचा नातलग राहायला आला आणि एम्युलेटरच्या मदतीने तो ६५०२ असल्याची बतावणी करतो. आणि गंमत म्हणजे २०१६ मध्ये खुद्द निन्टेन्डोने जुन्या यंत्राची छोटी आवृत्ती काढली, तिच्यातही आर्म आणि लिनक्सच.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "अरे, दुकानदार तेच म्हणत होता." मग मामेभावाच्या मुलीला म्हणाले, पावकी करून दाखव. तिने बेसिकमध्ये पाच ओळी लिहिल्या, पडद्यावर पावकी आली. मामांनी चष्मा लावून एकं पाव ते शंभरं पंचवीस पूर्ण यादी तपासली. दिवाणजींची सवय! मग विचारलं, "वीज गेली तर?"

नाही जाणार मामा, कार्डावर साठवलंय.