पांढऱ्या कागदापुढची माणसे

१९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांतून एक विचित्र सामान हिंडत होते: तिकाटण्यावर उभा करायचा जुन्या धाटणीचा अवजड कॅमेरा, ८ बाय १० इंची फिल्मच्या पेट्या आणि सुमारे ९ फूट रुंदीचा पांढरा कागद. न्यूयॉर्कचे ख्यातनाम फॅशन छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन यांच्यावर टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील एमन कार्टर संग्रहालयाने एक काम सोपवले होते. खाणकामगार, तेलविहिरींवरचे मजूर, कत्तलखान्यातले कामगार, ट्रकचालक, घरदार नसलेले भटके यांना ते गाठत. एखाद्या भिंतीला, कधी ट्रेलरच्या बाजूला तो कागद लावत आणि त्यापुढे माणसाला उभे करत. अशी ७५२ माणसे, आणि त्यांच्यासाठी सुमारे १७,००० फिल्म.

पांढऱ्या कागदापुढे छायाचित्र घेतले की पार्श्वभूमी आपोआप पांढरी येते, हा गैरसमज आहे. ती बहुधा करडी येते. प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो; त्याचे ऐकले तर कागद मळकट दिसतो, आणि एक्सपोजर बेसुमार वाढवले तर चेहऱ्यावरच्या रेषा पुसल्या जातात. स्टुडिओत पार्श्वभूमीवर वेगळे दिवे टाकून ही अडचण सुटते. उघड्यावर तशी सोय नव्हती, म्हणून अ‍ॅव्हेडन सावली शोधत. उन्हात कागदावर माणसाची छाया पडते, चेहऱ्यावर चकाकी येते, आणि पाहणाऱ्याची नजर कुठे जावी हे ऊनच ठरवते. सावलीत कागदाला आणि माणसाला प्रकाश जवळपास सारखाच मिळतो. मग भिस्त उरते ती कागद आणि त्वचा यांच्या मूळच्या फरकावर. चेहरा कोळशाने माखलेला असेल तर हा फरक मोठा. गोऱ्या, धुतलेल्या चेहऱ्याबाबत मात्र जागा फारच अरुंद.

उरलेले काम डार्करूममधले. निगेटिव्हवर पांढऱ्या कागदाची जागा सर्वांत काळी असते. तिच्यातून प्रकाश जवळजवळ पार होत नाही, म्हणून प्रिंटवर तिथे चांदीचा कण उमटत नाही. शुद्ध पांढरी पार्श्वभूमी म्हणजे प्रत्यक्षात कोरा राहिलेला प्रिंटचा कागद. त्याभोवती अ‍ॅव्हेडन फिल्मची काळी कड तशीच ठेवत. चित्र कुठेही कापलेले नाही, याची ती खूण.

पण या कोरेपणाने नेमके काय पुसले?

१९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात निपोमो येथे एका स्थलांतरित आईचे छायाचित्र घेतले. त्या मालिकेत फाटका तंबू दिसतो, शेतमजुरांचा तळ दिसतो. दारिद्र्याला तिथे पत्ता आहे. अ‍ॅव्हेडन यांच्या मजुराच्या अंगावर तेल आहे, पण विहीर नाही आणि तिचा मालकही नाही. १९८५ मध्ये ‘इन द अमेरिकन वेस्ट’ हे प्रदर्शन व ग्रंथ आल्यावर टीका झाली ती प्रामुख्याने याच अंगाने: शहरी छायाचित्रकाराने गरिबांना त्यांच्या जगातून उचलून नमुन्यांसारखे मांडले.

बचावही कच्चा नव्हता. १९७६ मध्ये ‘रोलिंग स्टोन’साठी अ‍ॅव्हेडन यांनी अमेरिकेच्या सत्तावर्तुळातील व्यक्तींची ६९ छायाचित्रे केली होती, तीही पांढऱ्यापुढेच. हेन्री किसिंजर यांना जी पार्श्वभूमी, तीच भटक्याला. समता म्हणावी तर ही समताच. मात्र किसिंजर यांच्यामागचे पांढरे वाचक स्वतःच भरून काढतो. व्हिएतनाम त्याला ठाऊक असते. भटक्यामागचे पांढरे पांढरेच राहते. टीकाकारांचे पारडे जड ठरते ते इथे.

अ‍ॅव्हेडन यांनी ठिकाण अगदीच टाकून दिले नव्हते. प्रत्येक चित्राखाली नाव, व्यवसाय, गाव आणि तारीख आहे. मागून काढलेली भूमी ओळीभर खाली परत येते. पण त्या ओळीवरही फार विसंबून चालत नाही. या मालिकेतले सर्वांत गाजलेले चित्र उघड्या अंगावर मधमाश्या बसलेल्या मधपाळाचे. त्याखाली कॅलिफोर्नियातील डेव्हिस हे गाव आणि मे १९८१ मधली तारीख आहे. तो मधपाळ शिकागोच्या परिसरातला. मधमाशीपालकांच्या नियतकालिकातील जाहिरात वाचून अ‍ॅव्हेडन यांच्यापर्यंत पोहोचलेला. डेव्हिसमध्ये होता तो फक्त कागद.