आंबा 48 अंशांच्या पाण्यात का बुडवतात?

मागच्या मे महिन्यात तेल्हाऱ्याला घरी होतो. बाजारातून आणलेल्या गावरान आंब्यांवर चौथ्या दिवशी काळे ठिपके दिसायला लागले. गरम पाण्यात बुडवले की आंबे टिकतात, असं कुठंतरी वाचलं होतं. उरलेले आंबे बादलीत टाकले आणि अंदाजानेच वरून गरम पाणी ओतलं. आई म्हणाली, "आंबा उकडून खातं का रे बाबू?" तीन दिवसांत सालीवर तपकिरी चट्टे पडले आणि आतला गर जागोजागी पांढरा, कडक राहिला. कल्पना बरोबर होती, आकडा चुकला होता.

उष्णतेची कामं दोन आहेत. एक, करपा. ही बुरशी बागेतच कच्च्या फळाच्या सालीत शिरून गप्प बसते आणि फळ पिकताना काळे डाग बनून वर येते. त्यासाठी साधारण 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 5 ते 10 मिनिटं पुरतात, कारण शत्रू सालीपाशीच आहे.

दुसरं काम अवघड आहे. फळमाशी सालीखाली अंडी घालते, अळी गरात असते. तिला मारायचं तर उष्णता कोयीपर्यंत पोचायला हवी, म्हणून पाणी थोडं कमी गरम आणि वेळ जास्त. युरोपसाठी आपल्याकडे 48 अंशांवर 60 मिनिटं ठेवतात. मेक्सिकोतून अमेरिकेत जाणारे आंबे साधारण 46 अंशांवर, आकारानुसार 65 ते 110 मिनिटं. मोठं फळ आतून उशिरा तापतं, म्हणून आधी आकारानुसार प्रतवारी.

यात एक-दोन अंशांची चूकही महागात पडते. कमी पडलं तर अळी जिवंत, जास्त झालं तर पिकवणारी विकरं बिघडतात आणि स्टार्चची साखर होत नाही. माझ्या पांढऱ्या गाठी त्याच. 1 मे 2014 पासून युरोपीय संघानं भारतीय आंबा आणि चार भाज्या बंद केल्या, त्या फळमाशी व इतर किडी सापडल्यामुळे. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी 2015 उजाडला.

आता तुम्ही म्हणाल, अकोल्यात पारा 45 च्या वर जातो, मग आंबे उन्हात ठेवले तर? नाही जमत. कूलर आठवा. ओल्या ताटीतून कोरडी हवा गेली की पाणी उडतं आणि गारवा येतो. आपल्या कोरड्या हवेत आंब्याच्या सालीतूनही थोडं पाणी उडत राहतं, फळ सुकतं, सुरकुततं. बाष्प उष्णता प्रक्रियेत याच्या बरोबर उलटं करतात. खोलीतली हवा वाफेनं इतकी भरतात की फळातलं पाणी उडत नाही. उलट वाफच थंड सालीवर जमते आणि जमताना आपली उष्णता फळाला देते.

जपाननं 2006 मध्ये भारतीय आंबा परत घ्यायला सुरुवात केली ती याच प्रक्रियेच्या अटीवर: गराचं तापमान 47.5 अंश, 20 मिनिटं. राज्य कृषी पणन मंडळाच्या वाशीच्या केंद्रात ही सोय आहे. मला यातला आवडलेला भाग म्हणजे टायमर. तो खोलीच्या तापमानावर चालत नाही. सेन्सर फळात खुपसलेले असतात, आणि मागे पडलेलं फळसुद्धा 47.5 ला पोचलं की मगच मोजणी सुरू. नंतर लगेच थंड करायचं, नाहीतर आतली उष्णता काम करतच राहते. (अमेरिकेसाठी आपण 2007 पासून वेगळाच रस्ता धरला, विकिरणाचा.)

साका मात्र गरम पाण्यानं जात नाही.

यंदा मी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. कच्चे, न खरचटलेले आंबे, 52 अंश, मोबाइलवर 7 मिनिटं. बादलीतलं पाणी भराभर निवतं, दोनदा गरम पाणी घालावं लागलं, तेही बाजूनं, फळावर नाही. मग साध्या पाण्यात गार करून, पुसून पंख्याखाली वाळवले. विश्वास नव्हता म्हणून आईनं चार आंबे आधीच लपवून ठेवले होते. नकळत तुलनेची सोय झाली: पाचव्या दिवशी तिच्या चारपैकी तिघांवर डाग, माझ्या दहांपैकी दोघांवर.