संगणकातील विषाणू

संगणकाचा विषाणू हा जंतू नव्हे. मनुष्यानेच लिहिलेला तो आज्ञांचा संच होय. दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आश्रयाने तो स्वतःच्या प्रती काढतो आणि संधी मिळताच नासधूस करतो. तेव्हा त्याचा इतिहास हा यंत्रांपेक्षा माणसांच्या सवयींचाच इतिहास आहे.

१९८६ साली लाहोरच्या बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी आपल्या प्रोग्रॅमची चोरटी नक्कल होऊ नये म्हणून ‘ब्रेन’ हा विषाणू रचला. त्यात त्यांनी स्वतःची नावे व पत्ताही घातला होता! बाधित फ्लॉपी आत ठेवून संगणक सुरू केला, की विषाणू त्याच्या स्मृतीत शिरे व पुढच्या फ्लॉपीवर उतरे. असा तो हातोहात देशोदेशी गेला. १९९२ साली ‘मायकेलअँजेलो’ने ६ मार्च या दिवशी साठविलेली माहिती पुसून टाकण्याची धास्ती जगभर पसरविली.

याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर संगणकाकडे वळले. बाधित यंत्रे दुरुस्तीस येत. त्यांवर त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी उतारा लिहिला. त्यातूनच ‘क्विक हील’ उदयास आले. असा उतारा ओळखीच्या विषाणूंच्या खुणा ताडून पाहतो. म्हणूनच तो वरचेवर अद्ययावत करावा लागतो. नव्या चोराचे वर्णन जुन्या यादीत कोठून असणार?

पुढे फ्लॉपी गेली, जाळे आले. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील हिशेबाच्या एका प्रोग्रॅमवाटे ‘नॉटपेट्या’ निघाला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणेतून थेट न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचला. तेथील त्या समूहाच्या धक्क्यावर संगणक थांबले व कामे हातांनी करावी लागली. ज्या दोषांतून तो पसरला, त्यांपैकी एकावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. मर्स्कच्या यंत्रणेची एक अत्यावश्यक प्रत मात्र वाचली. घानामध्ये वीज गेल्यामुळे तेथील संगणक त्या वेळी जाळ्यापासून तुटलेला होता!

जे तेथे योगायोगाने घडले, ते गृहस्थाने बुद्धिपुरस्सर करावे. महत्त्वाच्या कागदांची व छायाचित्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. दुरुस्त्या वेळच्या वेळी घ्याव्यात; अनोळखी पत्रासोबतची फाईल उघडू नये. उतारा चुकू शकतो, पण अलग ठेवलेल्या प्रतीपर्यंत विषाणूचा हात पोहोचत नाही.