जस्ताची वाफ

आमचं भांड्यांचं दुकान. गिऱ्हाईक तांब्या उचलतं, टिचकी मारतं, खणखणला की मगच भाव विचारतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक. पण जस्ताने जुन्या कारागिरांना फार छळलं. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सियसला. जस्ताची मात्र ९०७ लाच वाफ होते. म्हणून जस्ताचं खनिज, कोळसा आणि तांब्याचे तुकडे बंद मुशीत तापवत. वाफ तांब्यात मुरायची, पण किती, ते हातात नसे.

ती वाफ धरली उदयपूरजवळच्या जावरच्या लोकांनी. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एकेका भट्टीत ३६, तोंड खाली करून लावलेल्या. वर जाळ, खाली गारवा. जस्त खालच्या भांड्यात जमायचं. ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्याच्या कितीतरी शतकं आधीच्या. वापरून झालेल्या मुशी तिथल्या लोकांनी घरांच्या भिंतींत रचल्या. काही टाकायचं नाही, हा खरा कारागिराचा स्वभाव!

आणि हो, पितळेच्या पातेल्यात चिंचेची आमटी करणार असाल, तर आधी कल्हई करून घ्या.